भिंगरीवर किती दाखवलं?

एप्रिलमध्ये अवकाळी झाला त्या रात्री कंदरहून दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, वयाने बराच मोठा, करमाळा तालुक्यात त्याची केळीची बाग आहे. एरवी त्याचा फोन म्हणजे आधी इकडचं तिकडचं, पोरगी काय करतीय, नळाला पाणी कधी आलं होतं, मावशीचा गुडघा कसाय, आणि मग कुठं मुद्दा. त्या रात्री हॅलो पण नाही, थेट "तुझ्या त्या भिंगरीवर किती दाखवलं रे?" मला आधी कळलंच नाही तो कशाबद्दल बोलतोय. भिंगरी म्हणजे आमच्या गच्चीवरचं वाऱ्याचं यंत्र, तीन वाट्या गरगर फिरतात ते. मागच्या दिवाळीला आला होता तेव्हा त्याने वर जाऊन बघितलं होतं आणि हसला होता. मी हॉलमधल्या स्क्रीनवर बघून सांगितलं, "एकवीस. सगळ्यात मोठा झोत एकवीसचा." तो म्हणाला, "चाळीस नाही ना कुठंच?" मी म्हणलं नाही. "बरं," म्हणाला आणि मग मावशीच्या गुडघ्याबद्दल विचारलं. मागे कुणीतरी बॅटरी घेऊन बागेत फिरत होतं, ओरडून झाडं मोजत होतं, ते मला ऐकू येत होतं.

आता शहाणपणाने बघितलं तर त्या प्रश्नाला काही अर्थ नव्हता. तो तिकडे, मी सोलापुरात, मधे शंभरेक किलोमीटर. त्याच्या बागेतला वारा माझ्या गच्चीवर कसा दिसणार? हे त्यालाही माहीत होतं, तो काय अडाणी नाही, ठिबकचं शेड्यूल मोबाईलवरून चालवतो. तरी त्याने विचारलं. आणि मी ज्या सहज, थोड्या फुशारकीनेच, एकवीस म्हणून टाकलं ना, ते नंतर कितीतरी दिवस टोचत राहिलं.

चाळीसचं काय होतं ते सांगतो. हवामानावर आधारित फळपीक विमा आहे, त्यात केळीला वाऱ्याचा आकडा ताशी ४० किलोमीटर, तेवढा उमटला तरच भरपाईचा विषय. तो तुमच्या बागेत मोजत नाहीत, महसूल मंडळात जे स्वयंचलित केंद्र बसवलेलं असतं तिथे जे उमटेल ते धरायचं. मंडळ म्हणजे कितीतरी गावं. आणि एप्रिल-मेचं वादळ काय पावसाळी ढगासारखं तालुकाभर पसरून येत नाही. ढगातून थंड हवा धाडकन खाली आपटते आणि एका पट्ट्यात सुटते, एका बांधावरची केळी आडवी, पलीकडच्या बांधावर फाटकी पानं हलत उभी. दादाची निसवलेली बाग होती, घड लागलेले, म्हणजे झाडाच्या डोक्यावर वजन आणि बुडाला तसं काहीच नाही. मंडळातल्या यंत्रावर चाळीसच्या आतला आकडा आला. यंत्र खोटं बोललं असं मला वाटत नाही. ते जिथं उभं आहे तिथं तेवढाच वारा आला असेल. पण दादाच्या डोक्यात त्या रात्री बहुतेक एवढंच होतं, की जगात कुठल्या तरी यंत्रावर चाळीस दिसलं पाहिजे.

माझं यंत्र हौसेचं. मी काही या क्षेत्रातला नाही, शाळेत भूगोल शिकवतो, आणि वाऱ्याचे धडे वर्षानुवर्षं खडूने बाण काढून शिकवल्यावर एकदा वाटलं की हे आपल्या डोक्यावरून जातं तरी कसं ते बघावं. पाऊस, तापमान, आर्द्रता, ऊन, वारा सगळं एका दांडीवर आणि घरात एक स्क्रीन, मधे वायर नाही, वरचा भाग दर सोळा सेकंदांनी रेडिओवरून आकडे खाली पाठवतो. तापमानाचं, पावसाचं फार काही नाटक नाही. नाटक सगळं वाऱ्याचं. जागतिक हवामान संघटनेचा नियम असा, की वारा मोजायचा जमिनीपासून १० मीटरवर, मोकळ्या जागी, आणि जवळपास जे काही उभं असेल ते त्याच्या उंचीच्या दहापट लांब पाहिजे. आता सोलापुरात ज्या घराला चार-पाच दिवसांआड पाणी येतं त्या घराच्या गच्चीवर काय असतं? टाक्या. आमच्या दोन, शेजाऱ्यांच्या तीन, पलीकडच्यांनी तर लोखंडी स्टँडवर चढवलीय, वर जिन्याची खोली, सोलर हीटर, डिश. दहापटीचा नियम पाळायचा तर मला अर्धी गल्ली पाडावी लागेल. मग जिन्याच्या खोलीच्या माथ्यावर पाइप उभा केला, परवडेल आणि हलणार नाही तेवढा उंच. नियमात बसत नाही हे माहीत असूनच केलं, दुसरा मार्गच नव्हता.

पाइप उभा करणं हे एक वेगळंच प्रकरण. अक्कलकोट रोडला एक फॅब्रिकेशनवाला आहे, दीड इंची जीआय पाइप, खाली चौकोनी बेसप्लेट, चार भोकं. तो म्हणाला, "सर अँटेना हाय का? सीसीटीव्ही?" मी म्हणलं वारा मोजायचाय. त्याने ग्राइंडर बंद केला आणि माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "मोजून काय करलालाव?" मला नीट उत्तर देता आलं नाही. पण माणूस कामाचा. मी म्हणलं पाइप डुलला नाही पाहिजे, तर त्यानेच सुचवलं की तीन बाजूंनी ताण द्या, स्टीलच्या तारा आणि टर्नबकल, नाहीतर वाऱ्यात पाइप थरथरतो आणि वाट्या उगाच फिरतात. वारा नसताना वारा दाखवणारं यंत्र! आणि पाइपला अर्थिंग, कारण आता आमच्या गल्लीतलं सगळ्यात उंच लोखंड ते होतं. खालच्या काकू दोन दिवस वर बघत होत्या, शेवटी विचारलंच, "टॉवर बसवलालाव काय? डोकं दुखतंय म्हणे त्यानं." त्यांना वर नेऊन दाखवलं. वाट्या फिरताना बघून त्या म्हणाल्या, हे तर जत्रेतलं आहे.

जत्रेवरून आठवलं, गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या वेळी नंदीध्वज बघताना आता माझं लक्ष वेगळीकडेच जातं. पांढऱ्या बाराबंदीतला माणूस एवढी उंच काठी अंगावर पेलून चालतो, आजूबाजूला हर्र बोला हर्र चाललेलं असतं, आणि मधेच झुळूक येते, टोक एकीकडे झुकतं, आणि खाली त्या माणसाचं पाऊल त्याआधीच सरकलेलं असतं. वर काय आलंय ते त्याला कमरेत कळतं. मला ताणाच्या तीन तारा लागल्या.

उत्तर दिशा लावायची ती पण गंमत आहे. वाट्यांच्या बाजूला एक शेपटीवालं पातं असतं, ते वारा कुठून येतो ते सांगतं, पण त्याला उत्तर कुठे ते आधी आपण सांगावं लागतं. यंत्राच्या खोक्यावर एन लिहिलेला बाण असतो, तो उत्तरेकडे करून क्लॅम्प आवळायचा. मोबाईलच्या होकायंत्राने करायला गेलो तर लोखंडी पाइपच्या जवळ नेलं की काटा वेड्यासारखा फिरतो. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यात फार फरक नाही, एखादा अंश, पण पाइपने होकायंत्राचं वाटोळं केलं की ते काय कामाचं. मग सावलीने केलं. भारताचं घड्याळ ज्याच्यावर लावलंय त्या ८२.५ रेखांशाच्या सोलापूर बरंच पश्चिमेला, त्यामुळे आपला सूर्य घड्याळात बाराला डोक्यावर येत नाही, वर्षभरात १२ वाजून १० ते ४० मिनिटं यांच्यामधे कधीतरी येतो. त्या दिवशीची वेळ काढायची आणि तेव्हा पाइपची सावली जिथे पडेल ती खडूने आखायची, झाली उत्तर-दक्षिण रेघ. फक्त हे मेच्या १०-११ तारखेला किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला करायला जाऊ नका, तेव्हा सोलापुरात सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो आणि सावलीच गायब. आणि त्या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला पडते, तेव्हा रेघेचं कुठलं टोक उत्तर हे विसरायचं नाही. वर्गात हा धडा मी कितीदा घेतलाय. गच्चीवर भर दुपारी चप्पल वितळेल अशा उन्हात उभं राहून तो पहिल्यांदा अंगात शिरला.

आत काय असतं ते उघडून बघितल्यावर खरं तर थोडी निराशाच झाली होती. एवढं मोठं नाव ॲनिमोमीटर आणि आत एक बारका चुंबक, एक काचेची नळी, तिला रीड स्विच म्हणतात, चुंबक समोरून गेला की स्विच मिटतो, टिक. वाट्या जितक्या फिरतील तितके टिक, सर्किट ते मोजतं आणि एका आकड्याने गुणतं. त्या गुणण्यामागे बरीच भानगड आहे. १८४६ मध्ये रॉबिन्सन नावाच्या आयरिश खगोलशास्त्रज्ञाने चार वाट्यांचं यंत्र केलं, आणि त्याचं म्हणणं होतं की वाट्या कुठल्याही आकाराच्या असोत, दांडी कितीही लांब असो, त्या वाऱ्याच्या एक तृतीयांश वेगाने फिरतात. ते तसं नसतं. वाटी आणि दांडी बदलली की प्रमाण बदलतं. म्हणजे लोक कितीतरी वर्षं चुकीच्या तीनने गुणत बसले होते. पुढे १९२६ मध्ये कॅनडात पॅटरसनने चारच्या तीन वाट्या केल्या, त्या जास्त एकसारख्या फिरतात आणि झोत आला की लवकर वेग धरतात, आजही बहुतेक यंत्रात तीनच. दिशेच्या पात्याचं तर अजून वेगळं, ३५० अंश आणि १० अंश यांची सरासरी काढा म्हणलं तर पोरं १८० सांगतात, म्हणजे उत्तरेचा वारा दक्षिणेचा झाला. हे उदाहरण वर्गात दिलं की मागच्या बाकावरचे पण जागे होतात.

बसवणं एकदाचं होतं, सांभाळणं रोजचं. कुणी विकत घेताना हे सांगत नाही.

सोलापूरची धूळ माहितीच आहे. फेब्रुवारीपासून ती सुरू होते ती मृगापर्यंत, आणि आमचा भाग पूर्वेकडचा, यंत्रमागांचा, म्हणजे धुळीबरोबर कापसाचे बारीक तंतू. पहाटे गच्चीवर गेलो की मागांची खटखट खालून येत असते, आणि वर वाट्यांच्या दांड्याभोवती, अगदी बेअरिंगच्या तोंडाशी, पांढुरकी तंतूंची अंगठी झालेली असते. ती इतकी हलकी की चिमटीत धरली तर काही लागत नाही. पण हलक्या वाऱ्यात वाट्या सुरूच होऊ द्यायची नाही. जोराच्या वाऱ्यात फरक कळत नाही, आकडे नेहमीसारखेच येतात, म्हणून लक्षात यायला वेळ लागतो. कळतं ते असं, की संध्याकाळी दोरीवरचा टॉवेल चांगला हलतोय आणि स्क्रीनवर शून्य. मग ॲलन कीने बारका स्क्रू सैल करायचा, वाट्या अलगद वर काढायच्या, मऊ ब्रशने दांडा झाडायचा, कापडाने पुसायचं आणि परत बसवून फुंकर मारून बघायची, किती वेळ फिरतंय आणि थांबताना कसं थांबतंय. हळूहळू मंदावत थांबलं तर ठीक. गपकन थांबलं तर बेअरिंगमध्ये काहीतरी आहे.

तेल घालायचं नाही. हे मी शेजारच्या काकांना कितीदा सांगितलं असेल. ते निवृत्त जॉबर, आख्खा जन्म मागाला तेल देण्यात गेला, त्यांना कोरडं फिरणारं काही बघवत नाही. "दोन थेंब सोड की बे, काय जातंय." पण तेलावर धूळ बसते आणि दोन महिन्यांत आत पेस्ट तयार होते, या यंत्रांच्या कंपन्या स्वतःच नको म्हणतात. काका अजूनही वर आले की वाट्यांकडे असं बघतात की बिचाऱ्या उपाशी आहेत.

बाकी बारकी कामं चालूच. वरचं सोलर पॅनल बोटाएवढं, त्यावर धूळ बसली की बॅटरी उतरते आणि सिग्नल तुटायला लागतो. तसाही दोन स्लॅब भेदून तो कसाबसा खाली पोचतो, स्क्रीन फ्रिजवर ठेवला तर येतो आणि फ्रिजच्या शेजारी ठेवला तर नाही. बायकोने यावर एकदाच मत दिलं, फ्रिजवर लोणच्याची बरणी राहील. पावसाच्या नरसाळ्यात कोळ्याचं जाळं. आणि पारवे! पारव्याला पात्याच्या शेपटीवर बसायला फार आवडतं. तो बसला की दिशा पक्की, तासभर आग्नेय म्हणजे आग्नेय.

रात्रीचं शून्य मात्र खरं असतं. आधी मला ते पण बिघाड वाटायचं. दिवेलागणीनंतर वाट्या थांबतात, स्क्रीनवर शून्य, पहाटेपर्यंत शून्य. पण रात्री जमीन थंड होते, तिच्या लगतची हवा जड होऊन बसते आणि वरचा वारा तिच्यावरून सरकून जातो, खाली उतरत नाही. हे मी पुस्तकात वाचलेलं, बघितलं मात्र सिद्धेश्वर कारखान्याच्या चिमणीवर. होटगी रोडच्या बाजूला गाळपाच्या दिवसांत ती को-जनरेशनची, म्हणजे कारखान्याच्या वीजनिर्मितीची चिमणी धूर सोडायची, नव्वदेक मीटर उंच. हिवाळ्यात भल्या सकाळी गच्चीवर गेलं की इथे पान हलत नाही आणि तिकडे धूर आडवा ताणलेला, कुणी ओढल्यासारखा. तिच्याबद्दल गावात किती वाद झाले ते इथल्या माणसाला सांगायला नको, मी त्यात पडत नाही. १५ जून २०२३ला ती पाडली, विमानांसाठी. ते व्हिडिओ सगळ्यांनी बघितले. मला आपली एवढीच चुटपुट, की शहरातला सगळ्यात उंच वारा बघायचं एक साधन गेलं. वरचा वारा आणि माझ्या पाइपचा वारा हे दोन वेगळे आहेत हे तिने मला न मागता दाखवलं होतं.

आजोबांनाही कुठल्या उंचीवरचा वारा पाहिजे ते पक्कं माहीत होतं. आमचं गाव मोहोळ तालुक्यातलं, मालदांडी ज्वारीचा पट्टा. खळं करायचे तेव्हा मी लहान होतो, फेब्रुवारी-मार्चची सुट्टी नसलेली दुपार, शाळा बुडवून गेलेलो. बैलांची पात फिरून झालेली, मधे तिवडा उभा, आणि भुसकट-दाण्यांची रास पडलेली, आणि सगळे नुसते बसलेत. वाट बघत. आजोबा मधूनच उठायचे, मूठभर भुसा हात वर करून सोडायचे, तो कुठे जाऊन पडतो ते बघायचे आणि परत बसायचे. वारा नाही असं मला वाटायचं नाही, माझी टोपी उडायची. पण त्यांना तो नको असायचा. झोताचा वारा आला की भुशाबरोबर दाणाही जातो, आणि मंद असेल तर भुसा दाण्यातच पडतो. त्यांना पाहिजे असायचा तो एकसारखा, न थांबणारा, मध्यम. दुपार टळल्यावर तो सुटला की काहीही न बोलता उठायचे, उंच तिपाईवर चढायचे, आजी खालून पाटी वर द्यायची, आणि मग दाण्यांचा सरळ पडदा खाली आणि भुशाचा तिरका पडदा लांब. अंगावर भुसा चिकटून जी खाज सुटायची ती रात्री आंघोळ केली तरी जायची नाही. आता माझ्या स्क्रीनवर कधीकधी दुपारी चारनंतर बराच वेळ बारा ते पंधराच्या मधे आकडा धरून राहतो, सरासरी आणि झोत यांत फार अंतर नाही, तेव्हा मी मनात म्हणतो हा आजोबांचा वारा. खरं-खोटं करायला ते नाहीत.

सरासरी आणि झोत. दादाच्या फोननंतर मी याच्यावर बराच विचार केला. हवामानाच्या भाषेत वारा म्हणजे दहा मिनिटांची सरासरी, आणि झोत म्हणजे तीनेक सेकंदांचा धक्का. मोबाईलवर इशारा येतो ना, ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा, त्यातला सोसाटा म्हणजे हे धक्के. केळीचं झाड दहा मिनिटांच्या सरासरीने पडत नाही. एका धक्क्याने पडतं. आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे २० चा वारा ४० झाला तर झाडावर दुप्पट नाही, चौपट जोर. वर उंचीचा प्रश्न. मोकळ्या गवताळ माळावर १० मीटरवर जो वारा असेल तो २ मीटरवर साधारण पाऊणच उरतो. माझ्या गच्चीवर टाक्यांच्या आडोशाने किती खाल्ला जातो ते तर देव जाणे, पश्चिमेचा वारा असेल तर कमी आणि पूर्वेचा असेल तर जास्त, कारण पूर्वेला ती स्टँडवरची टाकी. मग माझं एकवीस म्हणजे काय होतं? त्या रात्री, त्या पाइपच्या टोकाशी, त्या टाक्यांच्या मागे, त्या जरा घासलेल्या बेअरिंगवर जे पोचलं ते एकवीस. सोलापूरचा वारा एकवीस नव्हता. मी मात्र फोनवर असं म्हणलं होतं की जणू शहराच्या वतीने बोलतोय.

नंतर जूनमध्ये दादा सोलापूरला आला, लग्नाच्या आहेरासाठी चादरी घ्यायच्या होत्या. नुकसानीबद्दल फार बोलला नाही, पंचनामा झालाय, बघू, एवढंच. चहा झाल्यावर म्हणाला चल वर. यावेळी हसला नाही. पाइपला हात लावून हलवून बघितला, ताणाच्या तारा बघितल्या, टाक्यांकडे बघितलं. "ह्याच्या मागं लावलंय व्हय?" शेतकऱ्याला आडोसा लगेच दिसतो, आयुष्यभर शेवरीची ओळ कुठल्या बांधाला लावायची हेच ठरवत आलेत ते लोक. मग म्हणाला, बागेत एक लावायचं असलं तर? मी विचारलं विमावाले हे मानणार नाहीत, मग कशाला? तो म्हणाला, "मला तर कळंल." मी खूश होऊन त्याला सगळे नियम सांगितले, आडोशाच्या दहापट लांब वगैरे. त्याने शांतपणे ऐकलं आणि हिशेब केला. केळी आठ-नऊ फूट, दहापट म्हणजे चारी बाजूंनी ऐंशी-नव्वद फूट मोकळं. "म्हणजे वारा मोजायला सव्वीस गुंठं केळी काढू?"

दोघंही बराच वेळ हसलो. शेवटी ठरलं की विहिरीजवळ पड आहे तिथे लावायचं, बागेपासून बऱ्यापैकी लांब, पाइप त्याच्याकडे जुन्या लिफ्ट इरिगेशनचे पडलेत, वेल्डिंग गावात होईल. दहा मीटर जमणार नाही, सहा-सात मीटर जमेल, आणि किती उंचीवर लावलं ते तिथे पाइपवरच रंगाने लिहून ठेवायचं. मी त्याला म्हणलं, वर चढायची सोय ठेव, पाइप खालून बिजागरीवर आडवा करता आला पाहिजे, नाहीतर पुसायला तू शिडी लावून चढशील आणि मावशी मला फोन करेल.

जाताना म्हणाला, तुझे जुने आकडे पाठव, सगळे. मी म्हणलं दादा त्यांचा तुला काय उपयोग, आणि ते धड एका जातीचे पण नाहीत, मेअखेरीला मी बेअरिंगसकट नव्या वाट्या बसवल्या, जुन्या उन्हाने ठिसूळ झाल्या होत्या, एकीला चीर गेली होती, आणि नव्या बसवल्यापासून हलका वारा जास्त दिसतोय. सोलापुरात वारा वाढलेला नाही, वाट्या सुरू लवकर होतात. तो म्हणाला, पाठव तरी, तसं लिहून पाठव. मग एक रविवार घालवून मी त्या फाइलला शेऱ्याचा रकाना जोडला, वहीतून जेवढं आठवलं तेवढं. दांड्याला तंतू, हलका वारा धरू नये. बॅटरी उतरली, दुपारपर्यंतचे आकडे नाहीत. शेजारी नवी टाकी, इथून पुढे पूर्वेचा वारा कमी. अवकाळी, झोत २१, टाक्यांच्या आड, बेअरिंग घासलेलं, बाहेर नक्की जास्त. पारवा.

दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला. आकड्यांबद्दल एक शब्द नाही. "त्या पारव्याचं काय केलं?"

मी लिहिलं, खोक्याच्या माथ्यावर केबल टाय बांध, आवळल्यावर उरलेली टोकं कापू नको, सगळी वर उभी ठेव. पात्यावर मात्र काही बांधू नको, त्याचा तोल जातो.